चाळीस किलोमीटर झेपतील, पण चढ किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं एक जोडपं, ते ५४ वर्षांचे, वहिनी ५१ च्या. शनिवार-रविवार चाळीसेक किलोमीटर सायकल चालवतात. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर दिवसा सायकल आणि रात्री बोटीवर मुक्काम, अशी आठवड्याची सहल त्यांच्या मनात भरली आहे. रोजचे ३०-४५ किलोमीटर झेपतील का, कोणता महिना बरा, शाकाहारी माणसाचं काय होतं, ई-बाइक घेतली तर कमीपणा वाटेल का, वहिनींना पोहता येत नाही ते चालेल का, आणि त्यांची स्वतःची शिडाच्या बोटीची लहानपणापासूनची हौस तिथे भागेल का.

मी याच किनाऱ्यावर पुण्या-मुंबईकडचे आठ-दहा जणांचे गट घेऊन जातो, कोविडची दोन वर्षं सोडली तर दर वर्षी. त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

किलोमीटरचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण मुळात तो प्रश्नच चुकीचा आहे. कागदावर ३५ किलोमीटर वाचलं की वाटतं, यात काय, आपण सकाळी नाश्त्याआधी एवढं करतो. पण बोट तुम्हाला सोडते कुठे? धक्क्यावर, म्हणजे शून्य मीटरवर. आणि दाल्मेशियाचं, म्हणजे क्रोएशियाच्या या किनारपट्टीचं, बेट म्हणजे समुद्रातून वर आलेली डोंगराची पाठ. गावातून बाहेर पडलं की दुसऱ्याच वळणाला चढ सुरू. सिंहगडला जाताना वीसेक किलोमीटर पाय मोकळे होतात, मग घाट लागतो. बेटांवर नाश्त्याची पोळी अजून घशाखाली उतरत असते आणि घाट समोर.

म्हणून आयोजकाला ‘किती किलोमीटर’ असं विचारू नका, ‘दिवसाची एकूण चढाई किती मीटर’ असं विचारा. उत्तर ३०० ते ५०० च्या दरम्यान आलं, तर पुण्याजवळचा बापदेव घाट सायकलवरून न उतरता चढणाऱ्या माणसाला काही अडचण नाही. ८०० च्या पुढे गेलं की तो दिवस ई-बाइकचा. ब्राच बेटावरचं विदोवा गोरा हे शिखर ७७८ मीटर, एड्रियाटिक समुद्रातल्या सगळ्या बेटांत उंच. विस बेटावरचा हुम ५८७ मीटर. आकडे ऐकून हसू नका. इथे पायथा म्हणजे खरोखरचा समुद्र आहे, रस्त्यावर सावली नावालाच आणि चुनखडीचा पांढरा दगड ऊन खालून परत तोंडावर फेकतो.

ई-बाइकबद्दल माझं मत वर्षागणिक बदलत गेलं. पूर्वी मीही नाक मुरडायचो. मग लक्षात आलं की जोडप्यांची भांडणं चढावर होतात. एकजण वर जाऊन दहा मिनिटं वाट बघतो, दुसरा पोचला की पहिला ताजातवाना होऊन निघतो, आणि दमलेल्याला विश्रांती मिळतच नाही. दोघांत जो मागे पडतो त्याने ई-बाइक घ्यावी, दुसऱ्याने साधी. मग वेग जुळतो आणि रात्रीच्या जेवणाला दोघं एकमेकांशी बोलत असतात. फक्त बुकिंग करतानाच सांगून ठेवा, बोटीवर ई-बाइक मोजक्याच असतात. वजनाला त्या पंचवीस किलोच्या आसपास, पण धक्क्यावर उतरवणं-चढवणं खलाशी करतात, तुमच्या कमरेचा तिथे संबंध नाही.

आता एक गोष्ट माहितीपत्रकात कुणीच लिहीत नाही. तिथे रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि दोन तासांत अंगवळणीही पडतं. ब्रेकचं तसं नाही. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. तिकडे डाव्या हाताला पुढचा. माझ्या दुसऱ्याच वर्षी कोर्चुला बेटाच्या एका उतारावर मांजर आडवं आलं. मी सवयीने डावा हात करकचून दाबला, मागचं चाक आवळायला म्हणून. आवळलं गेलं पुढचं. मी हँडलवरून पुढे, सायकल माझ्या अंगावर आणि मांजर भिंतीवर बसून बघतंय. कोपराचं कातडं गेलं, बाकी नशीब. तेव्हापासून पहिल्या सकाळी मी सगळ्यांना धक्क्यावरच वीस मिनिटं गोल-गोल फिरवतो, नुसते ब्रेक दाबायला. लोक हसतात. हसू देत. तुम्ही मेकॅनिककडून दोन्ही ब्रेक अदलाबदल करून मागू शकता, पण केबलचे ब्रेक असतील तरच ते झटपट होतं. हायड्रॉलिक असतील तर आग्रह करू नका.

हेल्मेट तिथल्या कायद्याने सोळा वर्षांखालच्यांनाच सक्तीचं आहे. तुम्ही घालाच. आणि आपलं पुण्याहून घेऊन जा, डोक्याला बसलेलं. जमलं तर आपली सीटही न्या. अख्खी सायकल नेण्याचा खटाटोप नको, पण आठवडाभर परक्या सीटवर बसण्यापेक्षा बॅगेत पाऊण किलो जास्त परवडलं. पॅडलपासून सीटपर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहून ठेवा, म्हणजे पहिल्या दिवशी अंदाजाचे खेळ होत नाहीत.

बोटीकडे येऊ. तुमच्या हौशीवर थोडं पाणी पडणार आहे, तर ते आत्ताच पडलेलं बरं. या सहलींच्या लाकडी बोटींना डोलकाठ्या असतात, फोटोत शिडंही फुगलेली दिसतात. प्रत्यक्षात त्या इंजिनावर चालतात. कप्तानाला वेळेवर पुढच्या बंदरात जागा पकडायची असते आणि त्या जाडजूड बोटी वाऱ्यावर फार सरकतही नाहीत. एका वर्षी मी घेतलेल्या बोटीचं शीड आठ दिवसांत एकदाही उलगडलं नाही. शेवटच्या दिवशी विचारलं तर कळलं की ते दुरुस्तीला किनाऱ्यावरच पडलंय. तेव्हापासून मी लेखी विचारतो: शीड बोटीवर आहे का, आणि वारा असेल तर एकदा तरी उघडणार का.

खरं शीड अनुभवायचं असेल तर आठवड्याच्या आधी किंवा नंतर एक दिवस स्प्लिट शहरात राहा आणि कप्तानासकट लहान शिडाची नौका अर्ध्या दिवसासाठी घ्या. दुपारची वेळ मागा. कारण त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात माएस्त्राल नावाचा वायव्येचा वारा सकाळी दहा-अकराच्या सुमाराला उठतो, दुपारी भरात येतो आणि सूर्य बुडताना गप्प होतो. शाळेत खारे वारे शिकलो होतो, तेच हे. फरक इतकाच की इथले लोक त्याच्यावर घड्याळ लावतात. सकाळी नऊची सैर घेतलीत तर आरशासारख्या पाण्यात इंजिनाची घरघर ऐकत बसाल.

वाऱ्यांची नावं पाठ करून जा. क्रोएशियात हवामानाची बातमी म्हणजे वाऱ्याची बातमी. बुरा ईशान्येकडून, डोंगरावरून खाली कोसळणारा, कोरडा आणि थंड. आकाश स्वच्छ, दृश्य सुरेख, आणि झोत असे की मोकळ्या वळणावर सायकल हातभर सरकते. त्याचा खरा जोर हिवाळ्यात असतो, पण मे-सप्टेंबरमध्येही एखादा दिवस तो हिसका दाखवतो. बुरा असेल तर सायकलवरून उतरून चालायला लाजू नका. युगो त्याच्या उलट, आग्नेयेकडून येणारा, दमट, उबदार, ढगाळ. तो एकदम येत नाही, दोन-तीन दिवस हळूहळू चढत जातो आणि त्याच्याबरोबर लाटाही. सगळी माणसं चिडचिडी होतात. दुब्रोव्हनिकच्या जुन्या प्रजासत्ताकात युगो वाहत असताना कायदे संमत करत नसत आणि त्या दिवसांतल्या गुन्ह्याला शिक्षा थोडी सौम्य असे, असं तिथले लोक अजून सांगतात. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. पण युगोच्या तिसऱ्या दिवशी माझ्या गटातल्या दोन जिवलग मैत्रिणी चार्जरवरून भांडल्या, एवढं मी पाहिलंय.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की तुमच्या हातात जो कार्यक्रमाचा कागद असेल, तो वाऱ्याने वाचलेला नसतो. एकदा सकाळी साडेसातला, आम्ही ब्रेडला लोणी लावत होतो, तेव्हा कप्तान आला, आमच्या नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, कोमिझा नाही, विस. त्याला इंग्रजी तेवढंच. कोमिझा हे विस बेटाच्या पश्चिम टोकाचं गाव, त्याचं बंदर पश्चिमेला उघडं. रात्री तिकडून लाटा येणार होत्या. म्हणजे संध्याकाळी बोट आम्हाला कोमिझाला भेटणार होती, ती आता विस गावात भेटणार. आमचा दिवसाचा सरळ रस्ता एकदम वर्तुळ झाला, चढाई जवळपास दुप्पट. गटातले एक काका, बँकेतून निवृत्त, अर्धा तास मला कार्यक्रमाची छापील प्रत दाखवत होते. त्या रात्री विसच्या बंदरात आडोशाला बोट जरासुद्धा हलली नाही. काकांनी जेवताना विषय काढला नाही. ज्यांना बदललेला बेत पचत नाही त्यांनी हॉटेलात राहून सायकल चालवावी, तीही छान सहल असते.

वहिनींच्या पोहण्याचं म्हणाल तर काळजी नको. दुपारी बोट एखाद्या खाडीत नांगर टाकते, मागे शिडी सोडतात आणि ज्याला हवं तो उतरतो. पोहता न येणाऱ्याने जीवरक्षक जॅकेट घालून शिडी धरून नुसतं डुंबलं तरी चालतं. पाणी इतकं नितळ की चार-पाच मीटर खालचे खडे मोजता येतात. म्हणूनच रबरी चपला हव्यात. त्या खडकांवर समुद्री साळिंदरं चिकटलेली असतात, काळे काटेरी गोळे, आणि तो काटा टाचेत मोडला की दुसऱ्या दिवशीची सायकल गेली. वाळूचे किनारे फार नाहीत. बोल गावाजवळचा प्रसिद्ध झ्लात्नी रात, म्हणजे सोनेरी शिंग, तोही गोट्यांचाच आहे. त्याचं टोक वाऱ्या-लाटांप्रमाणे डावी-उजवीकडे वळत राहतं.

कोकणातल्या माणसाला तिथे एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते, ती म्हणजे भरती-ओहोटी. असते, पण जेमतेम वीतभर. त्यामुळे गावं पाण्याला अगदी चिकटून बांधलेली आहेत, आणि बोटी शेपटीकडून धक्क्याला लागतात. संध्याकाळचा तो सोहळा जरूर बघा. कप्तान उलटा येतो, एक खलाशी मागच्या बाजूला दोर घेऊन उभा, दुसरा पुढे नांगराजवळ. दोन बोटींच्या मधे हातभर जागा. कुणी ओरडत नाही, फक्त मधूनमधून अंतराचे आकडे. धक्क्यावर जागा नसेल तर बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि जमिनीवर जायला परक्या दोन बोटींच्या डेकवरून जावं लागतं. तिथल्या लोकांचं जेवण चाललेलं असतं. नमस्कार करायचा, चपला हातात घ्यायच्या आणि पुढे निघायचं.

केबिन म्हणजे दोन पलंग, एक छोटी खिडकी आणि एवढंसं न्हाणीघर, ज्यात नळ सोडला की सगळंच ओलं होतं. टाकीतलं पाणी मोजकं असतं, आंघोळ आपल्या गावच्या उन्हाळ्यासारखी करायची. पिण्याचं पाणी गावातल्या नळावर भरा, ते चांगलं असतं. चाकांची कडक बॅग आणू नका, ती ठेवायला जागाच नसते. घडी होणारी कापडी बॅग घ्या. रात्री जनरेटर बंद केला की एसी बंद, चार्जिंग बंद. इंजिनाच्या जवळची केबिन टाळा, आणि झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्या.

बोट लागण्याची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, आणि ती बोट हलायच्या आधी. पोटात ढवळायला लागल्यावर गोळीचा उपयोग होत नाही. डेकवर मध्यभागी बसायचं, क्षितिजाकडे बघायचं, मोबाइल खिशात. आलेपाक मी कायम बाळगतो.

मार्ग कोणता? स्प्लिट किंवा शेजारच्या त्रोगिरहून निघून ब्राच, ह्वार, विस, कोर्चुला, म्ल्येत आणि परत, असं दक्षिणेचं वर्तुळ मी पहिल्या खेपेला सुचवतो. गुडघ्यांची तक्रार असेल तर झादर शहराच्या बाजूची उगल्यान आणि पाश्मान ही बेटं पाहा. दोन्ही पुलाने जोडलेली, चढ सौम्य. त्या बाजूला कोर्नातीची उघडी-बोडकी बेटं आणि क्र्का नदीचे धबधबेही बघून होतात. धबधब्याच्या कुंडात पोहायला २०२१ पासून बंदी आहे, जुने फोटो बघून पोहण्याचे कपडे नेऊ नका.

सायकलवाल्याच्या नजरेने सगळ्यात श्रीमंत बेट ह्वार. लोक तिथे ह्वार गावाच्या रात्रीच्या गजबजाटासाठी जातात. मी माझ्या गटाला आधी स्तारी ग्रादच्या मागच्या मैदानावर नेतो. इ.स.पू. ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी हे गाव वसवलं आणि मागची सुपीक जमीन आखून आपसांत वाटून घेतली. एकेक वाटा सुमारे १८१ बाय ९०५ मीटरचा. त्या आखणीच्या हद्दी आज चोवीसशे वर्षांनीही शेतांच्या बांधांमधून दिसतात. २००८ साली युनेस्कोने हे मैदान जागतिक वारशात घेतलं. बांध म्हणजे काय, तर चुना-माती न वापरता रचलेल्या दगडांच्या भिंती. रत्नागिरीचा माणूस सोबत असला की तो सायकल थांबवून पहिलं वाक्य हेच बोलतो: अहो, हा तर गडगा! जांभ्याऐवजी चुनखडी, एवढाच फरक. इथला गडगा द्राक्षवेलींना वाऱ्यापासून आडोसा देतो, आणि शेतातले दगड टाकायचे कुठे हा प्रश्नही सोडवतो. रस्ता सपाट, गाड्या जवळजवळ नाहीत, दोन्हीकडे द्राक्षं आणि ऑलिव्ह. पहिल्या दिवसाची सवय करायला याहून बरी जागा नाही.

दुसऱ्या दिवशी स्तारी ग्रादहून ह्वार गावाकडे जाताना बोगद्याचा नवा रस्ता गाड्यांना सोडून द्या आणि वेलो ग्राब्ल्ये, ब्रुस्ये गावांवरून जाणारा जुना रस्ता धरा. आधी बराच वेळ चढ, मग डोंगराच्या कण्यावरून दोन्हीकडे समुद्र. इथे लॅव्हेंडरची शेतं आहेत, पूर्वी होती त्याच्या मानाने अगदी थोडी. फुललेली बघायची तर जूनच्या शेवटी जायला हवं, आणि तेव्हा ऊन भाजून काढतं. दोन्ही मिळत नाही.

विस मला सगळ्यांत आवडतं. युगोस्लाव्हियाच्या लष्करी तळामुळे १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाऊल टाकता येत नव्हतं. त्यामुळे हॉटेलांची गर्दी उशिरा आली आणि बेट बेट राहिलं. १९४४ साली युगोस्लाव्हियाचा नेता टिटो इथे मुक्कामाला होता, हुमच्या उतारावर त्याची गुहा दाखवतात. त्याच वर्षी मधल्या प्लिस्को पोल्ये भागात दोस्त राष्ट्रांनी धावपट्टी केली होती. इटलीहून उडालेली आणि मार खाऊन परतणारी बॉम्बफेकी विमानं तिथे कशीबशी उतरत. आज तिथे द्राक्षमळे आहेत. विस ते कोमिझा जवळचा रस्ता दहाएक किलोमीटरचा, पण चढ तीव्र. तुम्ही प्लिस्को पोल्येवरून जाणारा लांबचा रस्ता घ्या. कोमिझात शिरताना उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका, थोडा दाबा, थोडा सोडा. खाली गावात कांदा, टोमॅटो आणि खारवलेल्या माशाची पोळी मिळते, कोमिझाची पोगाचा. शाकाहारी माणसाने वासावर भागवावं.

कोर्चुला बेटावर वेला लूका ते कोर्चुला गाव हा पंचेचाळीसेक किलोमीटरचा लांबलचक दिवस. वाटेत ब्लातो गावात किलोमीटरभर लांबीची लिंडन झाडांची सावली आहे, जूनमध्ये फुलते तेव्हा मधाचा वास येतो. पुढे चारा आणि स्मोक्वित्सा ही पोशिप नावाच्या पांढऱ्या वाइनची गावं. चाखा, पण दुपारी घोटभरच. पुप्नात गावानंतरचा उतार सरळ आहे, असं समजू नका. मार्को पोलो आपल्या गावचाच, असा कोर्चुलाचा दावा आहे. व्हेनिसवाले मान्य करत नाहीत, आपण मधे पडायचं नाही.

म्ल्येत विश्रांतीसाठी. पश्चिम टोकाच्या दोन खाऱ्या तळ्यांभोवती जवळपास सपाट वाट आहे, मोठ्या तळ्यात बेट, बेटावर जुना बेनेडिक्टाइन मठ. तिथल्या पोमेना गावापासून पूर्वेकडे जाणारा रस्ता मात्र सतत वर-खाली, तो ई-बाइकवाल्यांनी करावा.

मुख्य किनाऱ्यावरचा मोठा हमरस्ता, ज्याला मागिस्त्राला म्हणतात, तो मात्र सायकलने टाळा. दिसतो सुंदर. कडेला जागा नाही आणि मागून पर्यटकांच्या बस.

तुमची सहल दुब्रोव्हनिकला संपणार असेल तर तिथल्या वेशीवर हातात शहराची प्रतिकृती घेतलेला संत दिसेल, संत व्लाहो. त्याच संताचं चर्च आपल्या गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला आहे, पोर्तुगीजमध्ये साव ब्रास. सोळाव्या शतकात दुब्रोव्हनिकचे व्यापारी तिथे राहत आणि त्यांनी ते बांधवलं, असं सांगितलं जातं. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, पण मी गोव्याला गेलो की एक चक्कर मारतो.

महिना: मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबर. तुम्हा दोघांसाठी मी सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा म्हणेन. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, मळ्यांत द्राक्षतोडणी चालू असते, शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरलेली. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. ऊन पुण्याच्या मेइतकं नसलं तरी अकरानंतर चढावर जीव नको होतो, आणि धक्क्यांवर जागेसाठी मारामारी.

खाणं. बोटीवर बहुधा नाश्ता आणि एक जेवण मिळतं, दुसरं गावात आपापलं. ‘शाकाहारी’ एवढं लिहून भागत नाही. तिथे मासा हा मांसात धरत नाहीत आणि भाजीच्या सुपाला हाडांचं पाणी असू शकतं. मांस नाही, मासा नाही, त्यांचं पाणीही नाही, अंडं चालतं की नाही, असं सुटं-सुटं लिहा. मग खाणं चांगलं मिळतं. ब्लित्वा म्हणजे चार्ड नावाची पालेभाजी, बटाटा आणि लसूण, वरून ऑलिव्हचं तेल. पालक-बटाट्याची चुलत बहीणच. ओमिशच्या मागच्या पोल्यित्सा भागात याच भाजीचं सारण भरून चुलीवर भाजलेली मोठी पोळी मिळते, सोपार्निक, ती शोधून खा. काळा रिसोतो (एक भाताचा प्रकार) दिसला तर लांब राहा, तो माखलीच्या शाईचा. पुण्याहून खाकरा, शेंगदाण्याची चटणी, चिक्की न्या. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, त्यामुळे तुपाची बरणी घरीच.

खर्चाचं ढोबळ सांगतो. माझ्या गटांना बोट, सायकल, वाटाड्या आणि रोजची एक-दोन जेवणं धरून आठवड्याचे माणशी १,२०० ते १,८०० युरो पडतात. ई-बाइकचे वेगळे. बंदरशुल्क आणि पर्यटन कर बोटीवर रोख मागतात, खलाशांची बक्षिसी वेगळी. पैसे कमी आणि उत्साह जास्त असलेल्या तरुणांनी बोटीच्या भानगडीत न पडता सायकल भाड्याने घ्यावी आणि फेरीबोटीने बेटं करावीत. स्प्लिटहून ब्राचवरचं सुपेतार पन्नास मिनिटांवर आहे. फक्त गाड्या नेणारी मोठी फेरी घ्या, वेगवान कॅटामरान सायकली सहसा घेत नाहीत.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि चलनही युरो. व्हिसाच्या अर्जात प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो, आणि तुमचा मुक्काम रोज नव्या बंदरात. आयोजकाकडून बोटीचं नाव, दोघांची नावं आणि तारखेवार बंदरांची यादी असलेलं पत्र घ्या. माझ्या पहिल्या गटाची फाइल याच कागदासाठी परत आली होती. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा, आणि त्यात सायकलवरून पडणं धरलंय का ते बारीक अक्षरांत वाचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. पावसाळ्यात सप्टेंबरच्या तारखांसाठी धावपळ करण्यापेक्षा एप्रिल-मेमध्येच मोकळे व्हा.

आणि सराव. आतापासून दर रविवारी चाळीस किलोमीटर करता ते तीस करा, पण त्यात बापदेव दोनदा घाला. महिन्यातून एकदा सिंहगड. त्यातला एक घाट घराबाहेर पडल्या पडल्या, अंग गार असताना चढून बघा.

शेवटचं, विमानाचं. मुंबईहून थेट विमान नाही, इस्तंबूल किंवा आखातातून बदलावं लागतं. बोटी शनिवारी दुपारी केबिन देतात, म्हणून लोक शनिवारी सकाळी उतरणारं तिकीट काढतात. तुम्ही गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी स्प्लिटला पोचा. तुमची शिडाची दुपार त्यात बसेल. आणि बॅग मागे राहिली तर ती यायला एक दिवस हाताशी राहील. रविवारी सकाळी तुम्ही ब्राचवर चढ चढत असाल, तिथे ती कुणी आणून देत नाही.